कफिलाचा सत्कार

आमच्या मित्राचा कफील केनियाला सुट्टीवर गेला आणि येताना आफ्रिका घेऊन आला.

कफील म्हणजे ज्या कतारी माणसाच्या सहीवर आपला व्हिसा, आपली नोकरी आणि सुट्टीवर घरी जायची परवानगी अवलंबून असते तो. आम्हा कारखान्यातल्या लोकांचा कफील म्हणजे कंपनीच असल्यामुळे आमचा त्याच्याशी संबंध अर्ज आणि शिक्के एवढाच. मित्राचा कफील मात्र हाडामांसाचा होता. पन्नाशीचा, जाडसर, मनाने मोठा आणि भयंकर लहरी. केनियात तो एका सफारी कॅम्पमध्ये राहिला होता. खाकी तंबू, तंबूत पितळी नळ, सकाळी जीपमधून सिंह बघायला जायचं, ह्याला तिकडे ‘गेम ड्राइव्ह’ म्हणतात, दुपारी गावातल्या बायका टोपल्या विणून दाखवणार, संध्याकाळी शेकोटीभोवती नाच. हे सगळं त्याला कतारात हवं होतं. सिंह सोडायला तो तयार होता.

जागेचा प्रश्न नव्हता. दोहाच्या दक्षिणेला, मेसईदच्या कारखान्यांच्या चिमण्या मागे पडल्या की वाळूच्या टेकड्या सुरू होतात. हिवाळा आला की कतारी कुटुंबं तिथे तंबू ठोकून राहतात. ह्याने त्यांच्या शेजारीच खाकी तंबू ठोकले. आत झेब्र्याच्या पट्ट्यांच्या उशा टाकल्या, दाराशी ढाली आणि भाले टांगले, आणि दोहातल्या एका सुताराकडून प्लायवूडचा एक पूर्ण उंचीचा जिराफ करून घेतला. सुतार केरळचा होता. त्याने जिराफ चित्रातच पाहिला असावा, कारण आमच्या जिराफाच्या चेहऱ्यावर गाईची माया होती.

ह्या साम्राज्याचा कारभारी म्हणून कफिलाने आमच्या मित्राला नेमलं. मित्र वसईचा, ख्रिस्ती, कफिलाच्या दोहातल्या ऑफिसात हिशेब लिहायचा. ते ऑफिस बंद पडलं आणि मित्र टेबल-खुर्चीवरून थेट वाळूत आला. त्याच्या व्हिसावर ‘क्लार्क’ लिहिलेलं होतं. क्लार्कला फॅमिली व्हिसा मिळत नाही. बायको आणि मुलगी वसईला होत्या. तो कतारला आला तेव्हा मुलगी जेमतेम बोलायला लागलेली, आता शाळेत जात होती.

“काल फोनवर मला म्हणते, ‘तुमची तब्येत बरी आहे ना?’” तो एकदा आमच्याकडे जेवायला आला असताना म्हणाला. “म्हणजे कसं, लांबच्या काकाला विचारतात ना, तसं. मागून कोणीतरी शिकवलं असणार. पण पप्पाला विचारायला शिकवावं लागतं, म्हणजे बघ.”

बायको पोळ्या करता करता थांबली. मी अशा वेळी काहीतरी शहाणपणाचं बोलतो, तसं बोललो. काय ते आठवत नाही. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आठवते.

कफिलाने मित्राला शब्द दिला होता. दोहातल्या एका मोठ्या हॉटेलची माणसं कॅम्प पाहायला येणार होती. आवडला तर ते आपले परदेशी पाहुणे दर आठवड्याला तिकडे पाठवणार. तसं झालं तर कफील मित्राच्या व्हिसावर ‘मॅनेजर’ लिहिणार आणि मॅनेजरला बायको-मुलगी आणता येणार. नाही झालं तर उन्हाळा लागायच्या आत तंबू विकून खलास, आणि मित्र परत वसईला. मधला मार्ग नव्हता. कफिलाला मधले मार्ग आवडत नसत.

आता मी ह्यात कुठून आलो ते सांगतो. मी मूळचा नाशिकचा, मेसईदच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. तापमान आणि दाब मोजणं हा माझा व्यवसाय, आणि बाकी सगळ्या गोष्टींवर मत देणं हा छंद. अरबस्तानात फिरून गेलेल्या प्रवाशांची पुस्तकं मी फडताळभर जमवली होती. इतकी वर्षं राहून मी एकाही कतारी माणसाच्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं, पण बेदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या, आतिथ्याबद्दल मी कोणालाही तासभर सांगू शकत असे आणि सांगतही असे. शिवाय मला बडेजाव सहन होत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात प्रास्ताविकाचं प्रास्ताविक सुरू झालं की शेवटच्या रांगेत बसून जे लोक कुजबुजत टवाळी करतात, त्यांचा मी अनेक वर्षं बिनविरोध अध्यक्ष होतो.

साहजिकच मी कॅम्पची भरपूर चेष्टा केली. “गेम ड्राइव्ह ठेवलाय म्हणे. गेम कुठला? वाळूतले खेकडे?”

“उंट आहेत,” मित्र म्हणाला.

“उंट केनियातले?”

“तुला एवढं कळतं तर ये ना बाबा. पाहुण्यांना काय दाखवायचं, कुठे फिरवायचं, संस्कृती काय सांगायची, ते तू ठरव. मला डेबिट-क्रेडिटच्या पलीकडे काय येतं?”

मी आढेवेढे घेतले. आढेवेढे संपायच्या आत मी सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, रुंद काठांची टोपी आणलेली होती. बायकोने ती पाहिली आणि म्हणाली, “अहो, सिंह नाहीत ना तिथे? नाही, तुम्हाला बघून बिचारे घाबरले असते.”

हॉटेलवाले येण्याआधी रंगीत तालीम घ्यायची ठरली. पाहुणे म्हणून आम्ही मंडळातली काही कुटुंबं बोलावली. त्यांना निमंत्रणात स्पष्ट लिहिलं होतं की जेवण कॅम्पतर्फे आहे. तरीही प्रत्येक गाडीच्या डिकीतून डबे निघाले. मेथीचे ठेपले, दहीभात, शंकरपाळे, ‘मुलं बाहेरचं खात नाहीत’ म्हणून उकडलेले बटाटे. आमचा हैदराबादी स्वयंपाकी अख्खा बकरा भाजून बसला होता. तो त्या डब्यांच्या रांगेकडे, वऱ्हाडाने आपापली पानं घरून आणावीत तसा बघत राहिला.

गेम ड्राइव्ह सुरू झाला. जीप टेकडीवरून खाली झेपावली की लोकांनी अवाक व्हावं अशी अपेक्षा होती. पहिल्या टेकडीवर किंचाळ्या झाल्या, दुसऱ्या टेकडीवर एका काकूंनी ड्रायव्हरला “भैया, धीरे” असं सांगितलं आणि तिसऱ्यापासून जीपमध्ये अंताक्षरी सुरू झाली. संध्याकाळी शेकोटीभोवती नाचायला केनियाचे दोन तरुण होते. दोघे दोहातल्या एका मॉलमध्ये सिक्युरिटीला होते, सुट्टीच्या दिवशी इकडे यायचे. त्यांतला उंच मला म्हणाला की तो नैरोबीत वाढला आणि सिंह त्याने टीव्हीवर पाहिलाय. लाल चादर गुंडाळून दोघे मनापासून उड्या मारत होते, तेवढ्यात वारा सुटला आणि जिराफ तोंडावर पडला. मंडळाच्या मुलांना त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडला तो हाच कार्यक्रम. “अंकल, डू इट अगेन!” म्हणून त्यांनी मित्राच्या मागे धोशा लावला.

रात्री डबे परत गाड्यांत गेल्यावर मी मित्राला बसवून माझा निष्कर्ष सांगितला. “हे सगळं खोटं आहे. म्हणून चालत नाही. आफ्रिका काढून टाक. जिराफ काढ, उशा काढ, भाले काढ. इथली खरी संस्कृती दाखवू. सूर्यास्ताला वाळूत चालत जायचं, मी बेदूंबद्दल थोडं बोलतो, मग कॉफी, खजूर, साधेपणा.”

“आणि अरबाब काय म्हणेल? त्याचा जीव आहे जिराफावर.” कफिलाला तो ‘अरबाब’ म्हणे, म्हणजे मालक.

“त्याच्या स्वतःच्या संस्कृतीचा मान ठेवतोय म्हटल्यावर तो काय म्हणणार? उलट त्याचाच मान करू. सगळ्यांसमोर.”

ते वाक्य मी सहज बोललो. पण बोलता बोलताच माझ्या डोक्यात कार्यक्रम आकार घ्यायला लागला. मला तेव्हा वाटलं की मी नव्याने काहीतरी सुचवतोय. आज मागे वळून बघतो तर दिसतं की माझ्या डोक्यात कार्यक्रम ह्या शब्दाचा एकच साचा होता. ज्या साच्यावर मी शेवटच्या रांगेतून इतकी वर्षं हसलो, तोच. स्वागत, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मनोगत, आभार. दीपप्रज्वलन मी वगळलं. धर्म मध्ये यायला नको, असा विचार केला आणि स्वतःच्या सुज्ञपणावर खूश झालो.

शाल मंडळाच्या कपाटातून आणली. एका निवृत्त होऊन परतणाऱ्या सभासदासाठी घेतलेली होती आणि ते ऐन वेळी आलेच नव्हते. नारळ मेसईदच्या केरळी दुकानातून, शेंडीसकट, नीट निवडून आणला. बायको म्हणाली, “अहो, कतारी माणसाला नारळ?”

“सन्मानाची भाषा जगात सगळीकडे एकच असते,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली. आमच्या घरात ‘बरं’ ह्या शब्दाने पुढच्या जबाबदारीतून अंग काढून घेतलं जातं.

ठरलेल्या गुरुवारी हॉटेलची माणसं आली. त्यांची प्रमुख एक युरोपियन बाई होती, उंच, उन्हाने लाल झालेली, मोजकं बोलणारी. तिच्याबरोबर तीन-चार सहकारी. कफिलाने आपले दोन मोठे चुलते आणले होते. पांढरी दाढी, हातात काठी, पाठी ताठ. मित्राने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यातला क्रॉस शर्टावरून हाताने धरून ठेवला होता. जिराफ तंबूमागे आडवा घालून वर ताडपत्री टाकली होती. ती बघून कफील मित्राच्या खांद्यावर थोपटून पुढे गेला. त्याला वाटलं असावं, जिराफ दुरुस्तीला आहे.

सूर्यास्ताची फेरी बरी झाली. मी बेदू, विहिरी, मोती काढणारे पाणबुडे अशा क्रमाने बोलत होतो. चुलते मागून येत होते. मी इंग्रजीत त्यांच्या आजोबांचं जीवन त्यांच्यासमोर हॉटेलवाल्यांना समजावून सांगत होतो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि हे त्या संध्याकाळचं माझं एकमेव नशीब.

मग सगळे मोठ्या तंबूत आले. आत भिंतीला लागून गाद्या होत्या, मध्ये कोळशांवर कॉफीचा दल्ला. दल्ला म्हणजे चोचीचं पितळी भांडं. मी मात्र तंबूच्या टोकाला एक चौथरा करून त्यावर कफिलाच्या बंद पडलेल्या ऑफिसातली उंच पाठीची खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यावर लाल मखमल. कफील दल्ला उचलायला वाकला, तेवढ्यात मी त्याला हाताला धरून खुर्चीकडे नेलं. तो गोंधळला, पण पाहुण्यांसमोर आपल्या माणसाचा हात झटकायचा नाही म्हणून बसला. मी पाहुण्यांना खाली गाद्यांवर बसवलं. वयस्कर चुलत्यांना सुद्धा.

आणि मी बोलायला सुरुवात केली. एखादा दाब मोजायचा तर किती मोजावा ह्याचं मला व्यवसायातून ज्ञान होतं, बोलण्याचं नव्हतं. मी यजमानांच्या दानतीवर बोललो, कतार आणि भारताच्या जुन्या संबंधांवर बोललो, मोत्यांच्या व्यापारावर पुन्हा बोललो. कॉफी निवत होती. मग मी मित्राला खूण केली. मित्राने शाल पुढे केली, मी ती कफिलाच्या खांद्यावर पांघरली आणि त्याच्या दोन्ही हातांत नारळ ठेवला. तंबूत मागे बसलेल्या माझ्या बायकोच्या आणि मित्राच्या टाळ्या वाजल्या. हॉटेलवाल्यांनी त्यांचं बघून वाजवल्या. चुलत्यांनी वाजवल्या नाहीत.

कफील नारळाकडे बघत होता. शेंडी त्याच्या नाकासमोर हलत होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मुंबईच्या बाजारात वडिलांबरोबर लहानपणी राहिलेला हा माणूस, त्याचं हिंदी आमच्यापेक्षा सरळ होतं.

“ये क्या है?”

“आपका सत्कार,” मी म्हणालो. “आप हमारे मेहमान-ए-खास.”

“मैं मेहमान?” त्याने आवाज चढवला नाही. “मेरे तंबू में मैं मेहमान? मैं ऊपर, मेरा चाचा नीचे? मेहमान का कॉफी ठंडा, और मैं नारियल पकड़ के बैठूँ?”

तो उठला. खुर्चीवरून उतरला, नारळ खुर्चीवर ठेवला, शाल काढली आणि सरळ जाऊन थोरल्या चुलत्याच्या खांद्यावर घातली. मग डाव्या हातात दल्ला आणि उजव्या हातात लहान कप घेऊन तो गाद्यांकडे वळला. आधी हॉटेलची बाई, मग तिची माणसं, मग चुलते, मग आम्ही. शेवटी तो दाराजवळ, सगळ्यांच्या खाली, कोपऱ्यात बसला. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. यजमान स्वतः ओततो, शेवटी बसतो, पाहुणा उठेपर्यंत आपण उठत नाही. त्यावर मी लोकांना तासभर बोलूनही दाखवत असे. फक्त कार्यक्रम आखताना ते कुठे गेलं होतं, कोण जाणे.

पुढे जेवण झालं, आफ्रिकेतला तेवढाच राहिलेला नाच झाला, सगळे सभ्यपणे निघून गेले. कफील मित्राशी एक शब्द न बोलता गाडीत बसला. त्याची गाडी दूर गेल्यावर मित्र लाल मखमलीची घडी घालायला लागला. घडी नीट बसत नव्हती, तो पुन्हा उलगडून पुन्हा घालत होता.

“अरे, मी...” मी सुरुवात केली.

“राहू दे,” तो म्हणाला. “तू भाषण करू नकोस आता.”

गाडीत बायकोने माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. “हेतू चांगला होता.” थोडं अंतर गेल्यावर तिला स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही. “पण अहो, त्याची बायको-पोर तिकडे बसलीत. तुम्हाला खुर्ची कशाला हवी होती?”

टोपी मागच्या सीटवर पडली होती.

त्यानंतर मित्र आमच्याकडे आला नाही. फोन केला तर “कामात आहे” म्हणायचा. वसईला त्याने काहीच कळवलं नव्हतं. एका शुक्रवारी, इथे सुट्टी आणि चर्च त्याच दिवशी, तो चर्चवरून परतत असताना माझ्या बायकोने त्याला गाठलं आणि जेवायला ओढून आणलं. शेवटी भात कालवता कालवता म्हणाला, “हॉटेलच्या बाईचा फोन आला होता.”

बायकोने वाढायची पळी खाली ठेवली.

“तिला आवडलं.”

“काय आवडलं? सूर्यास्त?” मी विचारलं.

“सूर्यास्त सगळीकडे असतो म्हणाली. तिला तो समारंभ आवडला. शाल आणि ते, ती काय म्हणाली, सेरेमोनियल नट. यजमान उच्चासनावर बसतो, त्याला वस्त्र आणि फळ देतात, मग तो खाली उतरतो, वस्त्र घरातल्या थोरल्याला देतो आणि स्वतः कॉफी वाढतो. नम्रतेचा विधी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. दर गुरुवारी हवा.”

बायको हसायला लागली ती थांबेना. तिने तोंडाला पदर लावला आणि उठून स्वयंपाकघरात गेली, तरी तिकडून आवाज येत राहिला.

“मग हो म्हण ना,” मी म्हणालो. “व्हिसा मिळतोय.”

“तेच तर,” मित्र म्हणाला. “मी तिला सांगितलं. मॅडम, हा इथला विधी नाही. हे आमच्या महाराष्ट्रात करतात, माझ्या मित्राने चुकून केलं, आणि अरबाब रागावून उतरला.”

“सांगितलंस?” मला खरंच धक्का बसला. सत्याचा पुरस्कर्ता म्हणून माझी ख्याती होती. त्याच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो. “अरे, पोरगी तिकडे आहे तुझी!”

“म्हणूनच. उद्या अरबाबला कळलं असतं की मी खोटं विकलं, तर काय राहिलं असतं? आणि ती काय म्हणाली ठाऊक आहे? तंबू केनियाचे, स्वयंपाकी हैदराबादचा, नाचणारे नैरोबीचे, मॅनेजर वसईचा. ह्यात इथलं काय होतं ते आधी सांगा.”

प्रश्न आता कफिलाचा होता. बाई हो म्हणत होती, पण ज्या प्रकाराने त्याचा अपमान झाला तोच त्याला दर गुरुवारी करून घ्यायला सांगणार कोण? मित्र जाणार होता. मी म्हणालो, मी येतो. तो म्हणाला, “तू नको.” मग म्हणाला, “नाही, ये. पण बोलायचं नाही.”

दोहातल्या कफिलाच्या मजलिसमध्ये आम्ही जाऊन बसलो. घरातल्या पुरुष पाहुण्यांना बसवायचा तो मोठा हॉल. इतक्या वर्षांत कतारी घरात माझं ते पहिलं पाऊल, आणि ते माफी मागायला. मित्राने सगळं सरळ सांगितलं, बाईने काय पाहिलं, तिला काय वाटलं, त्याने तिला काय सांगितलं. कफिलाने मधे तोडलं नाही. ‘नम्रतेचा विधी’पाशी त्याच्या मिशा हलल्या. ‘डोळ्यांत पाणी’पाशी त्याने हातातला कप खाली ठेवला, आणि मग तो जो हसला, की आतून दोन मुलगे काय झालं बघायला बाहेर आले. त्यांना अरबीत सांगून तो पुन्हा हसला. माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा सांगितलं. मी मान खाली घालून खजूर खात होतो. गप्प बसायचं कबूल केलं होतं, आणि खजुरामुळे ते सोपं जात होतं.

डोळे पुसून तो मित्राला म्हणाला, “सुनो. कुर्सी नहीं. मैं ऊपर नहीं बैठूँगा, किसी के लिए नहीं. शाल मेहमान को, जो सबसे बूढ़ा, उसको. मैं डालूँगा. नारियल भी उसको. बोलना कि ये इंडिया का इज्जत है. झूठ नहीं.”

“जी अरबाब.”

“और ये,” त्याने माझ्याकडे बोट केलं, “ये बोलेगा. मैडम को इसका बोलना भी पसंद है, अल्ला जाने क्यों. लेकिन कॉफी गरम है तब तक. कॉफी ठंडा, ये खलास.”

आणि मग त्याने मुलाला हाक मारून कागदपत्रं बघणारा माणूस बोलवायला सांगितला, मित्राच्या व्हिसाचे कागद घेऊन. मित्राने दोन्ही हातांनी कप धरला होता. कप रिकामा होता, तो तरीही प्यायला.

अशा रीतीने, सत्कारांना आयुष्यभर हसलेला मी, त्या मोसमात दर गुरुवारी मेसईदच्या वाळूत सत्कार करत उभा असे. जर्मन पेन्शनर, ऑस्ट्रेलियन इंजिनियर, एकदा तर एक निवृत्त न्यायाधीश. खांद्यावर शाल पडली की बहुतेक सगळे एकदम गंभीर होत, पाठ ताठ करत आणि नारळ छातीशी धरत. मला हसू यायला हवं होतं. पहिल्या दोनदा आलंही. नंतर मी कपाकडे बघत बोलायला शिकलो. वाफ दिसेनाशी झाली की मी थांबत असे. माझ्या ओळखीच्या लोकांना हे अजून खरं वाटत नाही.

उन्हाळा लागायच्या आधी मित्राची बायको आणि मुलगी आल्या. मित्राकडे गाडी नव्हती म्हणून आणायला मी गेलो. सकाळचं विमान होतं. मित्र कठड्याला टेकून दारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीकडे मान लांब करून बघत होता. दर गुरुवारी अनोळखी माणसांचं स्वागत करणारा हा माणूस, पण त्या दोघी दिसल्यावर जागेवरून हललाच नाही. त्याच्या बायकोनेच ट्रॉली त्याच्यापर्यंत आणली. मुलगी आईच्या मागे होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

कोणीच बोलेना तेव्हा माझ्यातला सूत्रसंचालक जागा झाला. “या या, प्रवास कसा झाला वहिनी? मी...”

“ओळखलं भाऊजी,” ती म्हणाली. “हे सांगत होते फोनवर. तुम्हीच ना ते, बोलता ते?”

“हो,” मी म्हणालो.

“मग जरा ट्रॉली धरता का?”

मी ट्रॉली धरली. गाडीत तिघं मागे बसले, मुलगी मध्ये. मी एकटा पुढे, ड्रायव्हरसारखा. मग मित्राने खिडकीबाहेर काहीतरी दाखवलं आणि ते त्यांच्या वसईच्या बोलीत सुरू झाले. ती बोली मला निम्मीच कळते. एरवी मी निम्म्या ज्ञानावर पूर्ण मत देतो. आरशात मला दिसत होतं की मुलगी आधी फक्त ऐकत होती, मग तिने एक प्रश्न विचारला, मग दुसरा. तो उत्तरं देत होता, बहुधा चुकीची, कारण समुद्राकडे बोट करून तो कारखान्यांबद्दल बोलत होता आणि कारखाने दुसऱ्या बाजूला होते.

मेसईदचा रस्ता लागेपर्यंत तिचे प्रश्न संपले नव्हते. मध्येच एकदा तिने “पप्पा, तसं नाही” म्हणून त्याला काहीतरी दुरुस्त केलं, आणि तो मोठ्याने हसला. मी काच थोडी वर केली, म्हणजे वाऱ्याने त्यांचं बोलणं उडून जाऊ नये.